चुकीचे मोल

संगणक शिकवू शकेल काय, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा दोनच सुरांत होते. एक सूर उद्धाराचा, दुसरा विनाशाचा. शाळेत यंत्रे आली की ज्ञानगंगा दारी आली, असे पहिल्या पक्षाला वाटते. गुरू संपला, असे दुसऱ्याला. या वादात एक गोष्ट निसटून जाते. शिकवणारे यंत्र घडवायला बसलेला माणूस स्वतः काय शिकतो, हे कुणी विचारीत नाही. माझ्या मते या साऱ्या खटाटोपातील सर्वांत मौल्यवान भाग तोच आहे.

अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे, कार्नेगी मेलन विद्यापीठात, दर उन्हाळ्यात साधारण आठवडाभराचा असा एक वर्ग भरत आला आहे. २००४ साली सरकारी विज्ञाननिधीतून सुरू झालेले आणि पुढे 'लर्नलॅब' या नावाने ओळखले जाऊ लागलेले केंद्र तो भरवते. मानसशास्त्र, संगणकशास्त्र आणि अध्यापन अशा निरनिराळ्या वाटांनी आलेली मंडळी लहान गटांत काम करतात आणि अखेरीस एखाद्या 'बुद्धिमान शिकवणी प्रणाली'चा छोटा नमुना उभा करतात. त्यासाठी आज्ञावली लिहिता आलीच पाहिजे असेही नाही. तेथे तयार झालेल्या साधनात एखादे उदाहरण पायरीपायरीने सोडवून दाखवले, की प्रणाली त्या पायऱ्या टिपून ठेवते.

खरी मेख पुढे आहे. केवळ बरोबर पायऱ्या दाखवून भागत नाही; मुले कोणत्या चुका करतील, त्याही दाखवाव्या लागतात. १/४ आणि १/५ यांची बेरीज २/९ असे उत्तर एखादा विद्यार्थी देतो. रूढ शिक्षक त्यावर फुली मारतो. प्रणाली घडवणाऱ्याला मात्र थांबून विचार करावा लागतो, की हे उत्तर आले कोठून? अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला, हा त्यामागचा नियम. नियम चुकीचा आहे, पण आहे नियमच. तो ओळखल्याशिवाय त्या मुलाला उपयोगी पडेल अशी सूचना लिहिताच येत नाही. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ साली मुलांच्या वजाबाक्या तपासून हेच दाखवले होते. मुलांच्या पुष्कळशा चुका बेशिस्त नसतात. चुकीच्या रीतीचे ते इमानदार पालन असते.

यापुढची पायरी अधिक अंतर्मुख करणारी आहे. आपल्याला जे उत्तम येते ते इतरांना कोठे अडते, हे जाणकाराला दिसेनासे होते. केनेथ कोएडिंगर आणि मिचेल नेथन यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचा नमुनाच सापडतो. शाब्दिक उदाहरणे ही नुसत्या समीकरणांपेक्षा अवघड, असा शिक्षकांचा सर्वसाधारण समज. प्रत्यक्षात बीजगणिताच्या उंबरठ्यावरील विद्यार्थ्यांनी सोपी शाब्दिक उदाहरणेच अधिक प्रमाणात बरोबर सोडवली. काहींनी उलट क्रमाने हिशेब केला, काहींनी अंदाज करून ताळा पाहिला. चिन्हांची भाषा ही त्यांच्यासाठी एक परकी भाषा होती. तज्ज्ञांना ती मातृभाषेसारखी झाल्यामुळे तिचे परकेपण जाणवत नव्हते.

आपल्याकडे २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'बावन्न'च्या जोडीने 'पन्नास दोन' असे संख्यावाचन आले, तेव्हा उठलेले वादळ वाचकांना आठवत असेल. बदलाच्या विरोधात भाषेच्या सौंदर्याचा मुद्दा होता आणि तो पोकळ नव्हता. पण मंगला नारळीकर जे समजावून सांगत होत्या ते मुलाच्या अडचणीविषयी होते: बोलताना आधी दोन आणि मग पन्नास, लिहिताना आधी पाच आणि मग दोन. थट्टा करणाऱ्या मोठ्यांपैकी किती जणांनी सात वर्षांचे मूल 'एकोणसाठ' लिहिताना जवळ बसून पाहिले होते? निर्णय कोणताही झाला असता, तरी चर्चेची सुरुवात तेथून व्हायला हवी होती.

या प्रणालींच्या यशाचे आकडे विनयाने वाचावेत असे आहेत. बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ साली एकास एक शिकवणीचा परिणाम दोन प्रमाण विचलनांइतका सांगितला होता. कर्ट व्हॅनलेन यांच्या २०११ सालच्या आढाव्यात मात्र मानवी शिकवणीचा परिणाम ०.७९, तर पायरीगणिक मदत करणाऱ्या प्रणालींचा ०.७६ निघाला. यंत्र माणसाच्या जवळ आले, त्याचबरोबर माणसाविषयीचा अंदाजही खाली आला. रँड संस्थेने बीजगणिताच्या अशाच एका प्रणालीची सात राज्यांत चाचणी घेतली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत पहिल्या वर्षी लाभ दिसला नाही. दुसऱ्या वर्षी, माध्यमिक शाळांत, मधला विद्यार्थी पन्नासाव्या शततमकावरून अठ्ठावन्नाव्यावर जाईल इतका दिसला. चमत्कार नव्हे, पण नगण्यही नव्हे.

आज वाटेल त्या प्रश्नाला अस्खलित उत्तर देणारी यंत्रे हाताशी आहेत, म्हणून हा जुना, कष्टाचा मार्ग कालबाह्य झाला असे काहींना वाटते. मला नेमके उलट वाटते. तुर्कस्तानातील सुमारे हजार विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग २०२५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना असे यंत्र सरसकट वापरू दिले त्यांची सरावातील कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. यंत्र काढून घेतल्यावर परीक्षेत मात्र ते, यंत्र कधीच न मिळालेल्यांपेक्षा, १७ टक्क्यांनी मागे पडले. जेथे शिक्षकांनी नेहमीच्या चुका आधी नोंदवून दिल्या होत्या आणि यंत्राला उत्तराऐवजी सूचना देण्याचे बंधन घातले होते, तेथे ही हानी बव्हंशी टळली. दोन्ही यंत्रांच्या मुळाशी एकच प्रणाली होती. फरक पडला तो चुकीविषयीच्या आस्थेने.

या दृष्टीला मर्यादा आहेत. कवितेच्या वाचनात बरोबर पायऱ्यांचा आराखडा काढता येत नाही, आणि काढू नये. तरीही विद्यार्थ्याने केलेला विपरीत अर्थ कोणत्या शब्दाला अडखळून जन्मला, हे विचारणे मराठीच्या शिक्षकालाही शक्य आहे. आपण मार्गदर्शिकांतील ठरीव रसग्रहणे पाठ करवून घेतो आणि तो प्रश्नच उद्भवू देत नाही.

आपल्या शिक्षकांच्या उन्हाळी प्रशिक्षणांत परिपत्रके वाचली जातात, उपकरणे हाताळली जातात. त्यांतला एक दिवस वेगळा काढावा. प्रत्येकाने एका मुलाजवळ बसावे, त्याला मोठ्याने बोलत एक उदाहरण सोडवू द्यावे, आणि मध्ये बोलू नये. त्याला यंत्र लागत नाही, वीजही लागत नाही. पिट्सबर्गहून काही आणायचेच असेल, तर आधी एवढे आणावे.