बातम्यांचे पान कोणी लावायचे?

सकाळी डोळा उघडताच मोबाइल हाती घेणाऱ्या सुशिक्षित गृहस्थास विचारा, की जगात काय चालले आहे? तो भराभर सांगू लागेल. परंतु हे आपणांस कोणी दाखविले आणि हेच का दाखविले, असे विचारताच त्याची वाचा बसेल!

२००६ च्या सप्टेंबरात फेसबुकने 'न्यूज फीड' सुरू केली. पुढे वाचक कशावर थबकतो, कशाने चिडतो, हे मोजून त्यास तेच पुन्हा वाढावयाचे, हा अशा प्रवाहांचा रिवाज झाला. लहान गावच्या शाळेची, पाण्याची वार्ता त्यात बुडते. कारण तिच्यावर कोणी चवताळून उठत नाही. आम्ही संपादकही पान लावतोच, हे कबूल. पण आमचे नाव त्या पानावर छापलेले असते आणि चुकल्यास वाचक आमच्या दारी येऊन जाब विचारतो. यंत्राच्या गणितास जाब विचारायला कोणाचे दार ठोठावायचे?

याहून स्वच्छ व्यवस्था त्यापूर्वीच सिद्ध होती. १९९९ च्या मार्चमध्ये नेटस्केप कंपनीने तिचा पहिला मसुदा काढला. २००० साली निघालेल्या तिच्या एका आवृत्तीच्या कर्त्यांत ॲरन स्वार्ट्झ हा अवघा चौदा वर्षांचा मुलगा होता; २००२ मध्ये डेव्ह वायनर यांनी आवृत्ती २.० सिद्ध केली. तिचे नाव आरएसएस. (कोणी दचकू नये, येथे अर्थ 'रिअली सिंपल सिंडिकेशन' एवढाच.) हिची रीत अगदी साधी. संकेतस्थळ आपल्या ताज्या मजकुराची एक फाईल ठेवते. तीत मथळा, दुवा, वेळ आणि थोडा सारांश असतो. वाचकाने तिचा पत्ता आपल्या फीड रीडरमध्ये एकदा नोंदवावा. ते साधन ठराविक वेळाने जाऊन पाहते आणि नवे असेल ते आणून ठेवते. त्यासाठी वर्तमानपत्रास आपले नाव सांगावे लागत नाही, की ईमेल द्यावा लागत नाही. पॉडकास्ट आजही याच वाटेने घरोघर पोचतात.

मग ही व्यवस्था मागे का पडली? २००५ मध्ये गूगल रीडर फुकट मिळू लागला आणि लोकांनी आपला सारा संसार त्याच्या ओसरीवर मांडला. १ जुलै २०१३ रोजी धन्याने ओसरीच बंद केली! दोष आरएसएसचा नव्हता. मुक्त व्यवस्थेची किल्ली एकाच धन्याच्या कनवटीला बांधणाऱ्या आमच्या आळसाचा तो दोष होता. ज्यांनी आपली यादी ओपीएमएल नामक फाइलीत उतरवून घेतली, त्यांनी ती फीडलीसारख्या दुसऱ्या साधनात नेली आणि वाचन पुढे चालू ठेवले.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे: यादी आपणच केली, तर माणूस आपल्याच मताचे तेवढे वाचील. परंतु यंत्र तरी दुसरे काय करते? निदान स्वतः केलेल्या यादीतील उणीव डोळ्यांना दिसते आणि ती भरून काढता येते. आमच्या रीडरमध्ये आमच्या कट्टर विरोधकांची दोन पत्रे आम्ही मुद्दाम ठेवली आहेत. सकाळचा चहा कडू होतो. पण त्यांचा डाव आम्हांस दुपारच्या सभेपूर्वी कळलेला असतो.