बिस्किटाच्या डब्यातील पदक

गेल्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर आमच्या वस्तीतल्या एका आजीने पदराआडून बिस्किटाचा एक जुना पत्र्याचा डबा काढला. आजीचे वय नव्वदीच्या घरात. डब्यात रेशनकार्डाचे तुकडे, गिरणीचा बिल्ला, बाबासाहेबांचे छोटे चित्र आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेली सहा टोकांची एक काळवंडलेली चांदणी. ते होते बर्मा स्टार. आजीचा नवरा दुसऱ्या महायुद्धात महार पलटणीतून ब्रह्मदेशात गेला होता. लढाई संपली, तशी सरकारने शिपायांची गरजही संपली म्हणून घरी धाडले. पेन्शन नाही, जमीन नाही. पुढे तो मुंबईच्या गिरणीत साच्यावर उभा राहिला आणि 1982 च्या संपात नोकरी गेली ती गेलीच.

आजी डबा घेऊन आली त्याला कारण नातू. नातवाने मोबाईलवर पाहिले की अशा पदकांना गिऱ्हाईक असते. चोरबाजारातल्या एका दुकानदाराने भावही सांगितला. नातू वाईट मुलगा नाही. दिवसभर मोटारसायकलवरून लोकांची पार्सले पोहोचवतो आणि घराचे भाडे भरतो. तो आम्हांला सरळ म्हणाला, “काका, आजोबा इंग्रजांचा पगारी शिपाई होता. राजा इंग्रजांचा, लढाई इंग्रजांची. त्यात आपण कसला अभिमान धरायचा? आणि आपण बौद्ध ना? मग लढाईची पदके कशाला पुजायची?”

विहारात बसलेल्या चार वडीलधाऱ्यांना राग आला. आम्हांला आला नाही. पोराने विचारलेले दोन्ही प्रश्न खरे आहेत आणि त्यांची उत्तरे आपण घरात कधी दिलेलीच नाहीत.

लढाई कोणाविरुद्ध होती, हे आधी पाहू. इटलीत 1922 साली मुसोलिनी पंतप्रधान झाला. त्याच्या काळ्या डगल्यांच्या टोळ्या त्याआधीपासूनच कामगारांच्या कचेऱ्या जाळीत आणि युनियनच्या माणसांना बडवीत फिरत होत्या. 1924 साली निवडणुकीतल्या दंडेलीबद्दल पार्लमेंटात उघड बोलणारा खासदार माट्टेओत्ती याला भररस्त्यातून पळवून ठार केले. 1926 पर्यंत बाकीचे सगळे पक्ष बंद झाले, स्वतंत्र युनियन बंद झाल्या, विरोधी वर्तमानपत्रे बंद झाली. 1938 साली कायदा करून ज्यूंना शाळांतून आणि सरकारी नोकऱ्यांतून काढले, त्यांच्याशी लग्न करायलाही बंदी घातली. शाळा बंद, नोकरी बंद, रोटीबेटी बंद! आपल्या वाचकांना हे काय असते ते पुस्तकात वाचावे लागत नाही. ज्यांच्या आज्यांनी पाणवठ्याबाहेर उभे राहून दिवस काढले, त्यांना जन्मावरून माणसाची किंमत ठरवणारे राज्य ओळखता येते.

बाबासाहेबांनीही ते ओळखले. 1941 च्या जुलैत ते संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि आपल्या तरुणांना त्यांनी सैन्यात भरती होण्याचे आवाहन केले. 1942 च्या जुलैत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबई रेडिओवरून ते बोलले, ते हिंदी कामगार हे युद्ध जिंकायचे का म्हणतो या विषयावर. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा, की नाझींनी आणू घातलेली व्यवस्था वंशाच्या उच्चनीचतेवर उभी आहे, ती जिंकली तर हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचाही घात होईल. नुसत्या विजयावर कामगाराने समाधान मानू नये, युद्धानंतर जुनीच विषमता परत येता कामा नये, हेही त्यांनी बजावले. त्या दिवसांत देशातले भलेभले शत्रूचा शत्रू तो आपला मित्र असा हिशेब करीत होते. बाबासाहेबांनी तो हिशेब केला नाही.

इंग्रज काही धर्मात्मे नव्हते. युरोपात लोकशाहीच्या नावाने लढणारे हेच सरकार इथे माणसे तुरुंगात डांबीत होते आणि 1943 साली बंगालात सुमारे तीस लाख माणसे दुष्काळात मेली तरी त्याचे डोळे वेळेवर उघडले नाहीत. नातवाचा राग म्हणून फुकटचा नाही. परंतु शिपायाचा मान आणि त्याच्या मालकाचा मान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या लढाईत हिंदी सैन्य पंचवीस लाखांवर गेले. त्यांतले किती पोटासाठी गेले, किती तत्त्वासाठी, याचा झाडा कोण देणार? गिरणीत जाणाराही पोटासाठीच जातो. म्हणून त्याने केलेल्या संपाची किंमत कमी होत नाही.

आणि आपल्या लोकांना तर शिपाई होण्यासाठीही भांडावे लागले. 1892 च्या सुमारास इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. ‘लढाऊ जात’ नाही म्हणे! ज्यांचे पूर्वज पलटणीत होते त्यांना एका फटक्यात नालायक ठरवले. गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 साली अर्ज केला, शिवराम जानबा कांबळ्यांनी 1910 साली थेट विलायतेला अर्ज धाडला. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा 1917 साली 111 वी महार पलटण उभी केली आणि 1921 साली मोडूनही टाकली. 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली, त्यामागे पन्नास वर्षांचे अर्ज आणि बाबासाहेबांचा रेटा होता. बाबासाहेब 1 जानेवारी 1927 रोजी भीमा कोरेगावच्या स्तंभापाशी गेले ते इंग्रजांची आरती ओवाळायला नव्हे. ज्यांचे रक्त चालते त्यांचा हक्क का चालत नाही, हे विचारायला गेले. स्मारकापुढे उभे राहण्याची आपली रीत ही आहे.

आता इटलीतली गोष्ट ऐका. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातला यशवंत घाडगे हा बावीस वर्षांचा नाईक, मराठा लाइट इन्फंट्रीचा. 10 जुलै 1944 रोजी तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या टेकड्यांवर जर्मन मशीनगनने त्याच्या तुकडीतली सगळी माणसे पाडली, कोणी मेले, कोणी घायाळ झाले. एकटा उरलेला घाडगे धावत सुटला. बॉम्ब टाकून त्याने मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली, बंदुकीत गोळ्या भरायला सवड नव्हती म्हणून उरलेल्या दोघांना दस्त्याने लोळवले आणि दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तिथेच पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांवर हिंदी शिपाई होते. त्यांतले 5,782 मेले. चाळीस स्मशानभूमींत त्यांची नोंद आहे. फोर्लीसारख्या गावी ज्यांना अग्नी दिला त्यांची नावे दगडावर कोरलेली आहेत.

2023 च्या जुलैत त्या भागातल्या मोंतोने या गावाने घाडग्यांच्या नावाने स्मारक उभारले. तोफ नाही, तलवार नाही, एक सूर्यघड्याळ. त्यावर लॅटिन भाषेतले वचन आहे, त्याचा अर्थ आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. कुठले माणगाव आणि कुठले मोंतोने! ज्या गावात ऐंशी वर्षांपूर्वी परका काळा शिपाई म्हणून तो गेला, तिथल्या लोकांनी त्याला आपला मानला. कारण फॅसिझमखाली वीस वर्षे काढलेल्या माणसाला ते जोखड कोणी उचलले हे आठवते. त्या देशाने 1 जानेवारी 1948 पासून नवी राज्यघटना लागू केली आणि फॅसिस्ट पक्ष पुन्हा कोणत्याही रूपाने उभा करायला तीत बंदी घातली. 25 एप्रिल हा मुक्तिदिन तिथे सुटीचा असतो. त्यावरूनही तिथे वाद होतात, मुक्ती झाली हेच कोणाकोणाला बोचते. आपल्याकडेही 26 नोव्हेंबर कोणाकोणाला बोचतो.

राहिला प्रश्न बौद्धाचा. लढाईची पूजा आम्ही करीत नाही, करू नये. कलिंगानंतर सम्राट अशोकाला जे कळले ते आपल्याला कळलेलेच आहे. परंतु ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद सांगितला आहे. ज्या शिपायाने छळछावण्या चालवणाऱ्या राजवटीला अडवले, त्याला आणि त्या राजवटीला एकाच तागडीत आम्ही घालणार नाही.

मग आज याचा अर्थ काय? निवडणूक आली की शिपायाचा फोटो सगळ्यांच्या फलकावर येतो. शहीद म्हणायचे, टाळ्या घ्यायच्या आणि प्रश्न विचारणाऱ्याला देशद्रोही म्हणायचे. शिपायाच्या नावाने लोकांची तोंडे बंद करणे हा मुसोलिनीचा धंदा होता. सप्टेंबर 1943 मध्ये दिल्लीत कामगार कार्यकर्त्यांपुढे बोलताना बाबासाहेबांनी लोकशाही का कोसळते ते सांगितले होते. मत मिळाले पण भाकरी मिळाली नाही, की लोकांचा तिच्यावरचा विश्वास उडतो आणि हुकूमशहाला वाट मिळते. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत त्यांनी राजकारणातल्या भक्तीपासून सावध केले. ते फक्त दुसऱ्यांच्या पुढाऱ्यांसाठी सांगितले असे समजून आपण गटागटांत आपल्याच पुढाऱ्यांचे वीस फुटी कटआऊट लावतो, हे लिहायला आम्हांला लाज वाटते, पण लिहिल्यावाचून राहवत नाही.

आम्ही हे सगळे नातवाला सांगितले. इतके सलग नाही, चहा पीत, तुटक तुटक सांगितले. तो म्हणाला, “ठीक आहे काका, पण भाडे कोण भरणार?” यावर आमच्याकडे उत्तर नव्हते आणि आजही नाही. ज्याचा आजोबा जगाच्या लढाईत गेला त्याला ना पेन्शन, ना कंत्राट, ना आजारपणाची रजा. त्या रेडिओवरच्या भाषणातली अर्धी लढाई अशी अजून बाकी आहे. माता-भगिनींनी आपापल्या घरची ट्रंक उघडून पाहावी. कोणाकडे अशी पदके, पलटणीची कागदपत्रे असतील तर चोरबाजाराआधी विहारात आणावीत, वही करून आपण त्यांची नोंद ठेवू.

पदक विकायचे की नाही ते त्या घराने ठरवायचे. परवा संध्याकाळी नातू चिंच घेऊन ओट्यावर बसला होता. चांदणी घासता घासता मागची अक्षरे उघडी पडली, कारण हिंदी शिपायांच्या पदकांवर नाव कोरून देत. मोबाईलच्या उजेडात त्याने आधी नंबर वाचला, मग पलटण, मग नाव. आजीने उभ्या जन्मात नवऱ्याचे नाव तोंडाने घेतलेले नाही. ती म्हणाली, “पुन्हा वाच.”