खोक्यांचा गोठा

वसईतल्या आमच्या एका वाचक कुटुंबानं नुकताच नव्या घरात संसार थाटला. कर्जाचा पहिला हप्ता नेमका नाताळच्या तोंडावर आला; त्यामुळे नवे कपडे, केक, रोषणाई यांना यंदा फाटा. सामानाच्या रिकाम्या खोक्यांचाच मुलांनी गोठा केला. मामानं शेतातला भाताचा पेंढा दिला, बांबूच्या कामट्यांवर पतंगाचा कागद चिकटवून चांदणी झाली. करंज्या मात्र आजीनं तळल्याच, आणि ओळख नसलेल्या शेजाऱ्यांकडेही ताटं गेली.

या काटकसरीचं मला मनापासून कौतुक वाटतं. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिस यांनी नाताळचा देखावा मांडला, तेव्हा गव्हाणीत गवत होतं, शेजारी बैल आणि गाढव. या अंकात अशाच घरांतले नाताळ वाचायला मिळतील. खरेदीच्या याद्या आम्ही मुद्दामच छापलेल्या नाहीत.