पाण्याची तपासणी झाली, पुढे काय?

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्यातील धरणांचे तालुके. कुकडी प्रकल्पातील माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच प्रमुख धरणे याच दोन तालुक्यांत आहेत. त्यामुळे येथील पाण्याची चर्चा आजवर आवर्तन, वाटप आणि उन्हाळ्यातील टँकर यांभोवतीच फिरत राहिली. पाणी किती मिळते हे विचारले गेले; ते कसे आहे, हे क्वचितच. जलजीवन मिशन 2019 मध्ये सुरू झाल्यानंतर मात्र पाणी तपासणीचे छोटे संच गावपातळीवर देण्याचे आणि प्रत्येक गावातील पाच महिलांना ते वापरण्याचे प्रशिक्षण देण्याचे धोरण आखण्यात आले. त्यातून दुसरा प्रश्नही ऐरणीवर आला आहे.

हाताच्या पेटीत मावणाऱ्या या संचात रसायनांच्या लहान बाटल्या, परीक्षानळ्या आणि रंगपट्टी असते. क्लोराइड व कठीणपणा थेंब मोजून काढतात. नायट्रेट, फ्लोराइड, लोह यांचे प्रमाण पाण्याला आलेल्या रंगाची छटा पट्टीशी जुळवून ठरवतात. जिवाणूंसाठी वेगळी कुपी असते व पाणी दूषित असल्यास ती एक-दोन दिवसांत काळी पडते. प्रयोगशाळेतील रासायनिक तपासणी प्रत्येक स्रोताची वर्षातून एकदा व्हावी, असा दंडक आहे. बेसॉल्ट खडकातील उथळ विहिरींच्या बाबतीत ती पुरेशी नाही. मे महिन्यात तळ गाठलेल्या विहिरीचे पाणी आणि पहिल्या पावसानंतर शेतातून झिरपून आलेले पाणी, यांत मोठा फरक पडतो. वारंवार आणि जागेवरच करता येणारी चाचणी, हे या संचाचे खरे बलस्थान आहे.

या दोन तालुक्यांत मात्र संचाकडून मिळवायचे उत्तर सर्वत्र सारखे नाही. पश्चिमेकडील आहुपे, घाटघर यांसारख्या आदिवासी गावांत पाऊस धो धो कोसळतो आणि उतारावरून वाहून जातो. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण तेथे शब्दशः खरी ठरते. झरे आणि उघड्या विहिरींवर अवलंबून असलेल्या या पट्ट्यात मुख्य भीती जिवाणूंची आहे. तेथे काळी पडणारी कुपी आणि क्लोरिनची ओटी चाचणी महत्त्वाची. पूर्वेकडे नारायणगाव, ओतूर, मंचर, पारगाव या बागायती पट्ट्यात ऊस, कांदा, टोमॅटो आणि द्राक्षे आहेत. कालव्याचे पाणी आणि नत्रयुक्त खते यांचा वापर जेथे भरपूर होतो, तेथे पिकाने न उचललेले नत्र नायट्रेटच्या रूपाने भूजलात उतरते. विहिरीलगतचे उकिरडे आणि शौचालयांचे शोषखड्डे त्यात भर घालतात. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालानुसार देशातील सुमारे 20 टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा अधिक आढळले; महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे 35 टक्के होते. हे राज्याचे चित्र आहे. त्यावरून एखाद्या गावाच्या विहिरीचा निवाडा करता येत नाही. त्यासाठी त्या विहिरीचेच पाणी तपासावे लागते.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 45 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट चालत नाही. फ्लोराइड वा कठीणपणा यांच्याप्रमाणे पर्यायी स्रोत नसल्यास मिळणारी सवलतही येथे नाही. कारण बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता त्यामुळे घटते. नायट्रेटला रंग, वास वा चव नसते. ब्लिचिंग पावडरने ते जात नाही आणि पाणी उकळल्यास कमी होण्याऐवजी अधिक घट्ट होते. पाणी उकळून प्या, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा सल्ला या एका बाबतीत उलटा पडतो, आणि गावोगावच्या आरोग्यप्रचारात ही गोष्ट ठळकपणे सांगितली जात नाही.

शहरांत आणि आता गावांतही लोकप्रिय झालेला खिशातील टीडीएस मीटर येथे उपयोगाचा नाही. पाण्यातून वीज किती वाहते, यावरून तो एकूण क्षारांचा अंदाज देतो. क्षार कोणते, हे त्याला कळत नाही. मीटरवर 300 दाखवणाऱ्या, चवीला गोड पाण्यातही 60 मिलिग्रॅम नायट्रेट असू शकते. जलशुद्धीकरण यंत्रांच्या विक्रेत्यांनी या आकड्याला दिलेली प्रतिष्ठा अवाजवी आहे.

संचालाही मर्यादा आहेत. रंगपट्टीवरील दोन छटांमधले अंतर मोठे असते. 40 आणि 50 यांतला फरक डोळ्यांना नेमका ओळखता येत नाही. उन्हात पडलेली वा मुदत संपलेली रसायने दिशाभूल करतात आणि ती वेळेवर बदलून मिळण्यासाठी कोणाकडे पाठपुरावा करायचा, हे गावात ठाऊक असावे लागते. म्हणूनच संचात संशयास्पद ठरलेला नमुना प्रयोगशाळेत पाठवून खात्री करावी, असा नियम आहे. संच चाळणीचे काम करतो. निकाल प्रयोगशाळाच देते.

खरी अडचण त्यानंतरची आहे. जिवाणू आढळले तर ब्लिचिंग पावडर टाकून ग्रामपंचायत त्याच दिवशी काही करू शकते. राज्यात पाणीस्रोतांच्या सर्वेक्षणानंतर ग्रामपंचायतींना लाल, पिवळे, हिरवे कार्ड देण्याची पद्धत आहे. पण तिचा भर स्वच्छता आणि साथरोगांवर आहे. नायट्रेटसाठी स्रोतच बदलावा लागतो किंवा जलाशयातून नळयोजना आणावी लागते. जलजीवन मिशनची मुदत 2028 पर्यंत वाढवण्याची घोषणा 2025 च्या अर्थसंकल्पात झाली. ही वाढीव मुदत नळजोडण्यांचे आकडे पूर्ण करण्यात खर्ची पडते, की दूषित विहिरींवर बेतलेल्या योजनांचे स्रोत बदलण्यात, यावर बरेच अवलंबून आहे. खत हप्त्याहप्त्याने आणि माती तपासून देणे, हा मुळावरचा उपाय. परंतु आज सुरुवात केली तरी भूजलात त्याचा परिणाम दिसण्यास काही वर्षे जातात.

तोवर ग्रामपंचायतीसमोर झटपट उपाय उरतो तो आरओ केंद्राचा. ते नायट्रेट काढते खरे. पण वेगळे झालेले नायट्रेटयुक्त पाणी गटारात सोडले, की ते पुन्हा त्याच जमिनीत मुरते.