जत्रेतले जेवण आणि चोखंदळ पाहुणे

बडोद्याच्या एका वाचक भगिनीचे पत्र गेल्या महिन्यात आले. त्यांचा मुलगा अमेरिकेत असतो. येत्या हिवाळ्यात तो आपल्या आईवडिलांना आणि सासूसासऱ्यांना फ्लॉरिडातील डिस्ने वर्ल्ड दाखवायला नेणार आहे. "मला धास्ती आहे ती व्याह्यांची," त्या लिहितात. "दोघेही खाण्याचे मोठे दर्दी. अशा ठिकाणी खाण्याजोगे काही असूच शकत नाही, असे ते आत्तापासूनच म्हणू लागले आहेत. चार दिवस त्यांना कोठे जेवू घालावे? की सरळ थेपल्यांचे डबे बांधावेत?"

थेपले अवश्य न्यावेत. प्रवासात त्यांच्यासारखा सोबती नाही. परंतु केवळ थेपल्यांवर हा प्रश्न सुटत नाही, हे मी स्वानुभवाने सांगू शकते. कारण आमच्या घरातही असे एक दर्दी आहेत.

ते म्हणजे माझे थोरले बंधू. दादांचा सारा जन्म इंदुरात गेला. रात्री सराफ्यातील दागिन्यांची दुकाने मिटली की त्यांच्या पुढ्यात खाद्यपदार्थांची दुकाने मांडली जातात. तेथे कोणाकडे काय खावे आणि काय मुळीच खाऊ नये, हे दादांना तोंडपाठ. घरी पाहुणा आला आणि दादांनी त्याला सराफ्यात नेले नाही, असे कधी घडल्याचे मला आठवत नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत भाच्याने दादांना, वहिनींना आणि मला डिस्ने वर्ल्डला नेले. बरोबर भाचेसून आणि त्यांची आठ वर्षांची मुलगी होती. निघण्यापूर्वीच दादांनी आपला सिद्धान्त ऐकवला.

"जो उद्या पुन्हा यायचा आहे, त्या गिऱ्हाइकाला वाईट खायला घालता येत नाही. पण जो तिकीट काढून आत कोंडला गेला आहे आणि जन्मात पुन्हा यायचा नाही, त्याच्यासाठी आचारी हात कशाला दुखवून घेईल?"

हा सिद्धान्त चुकीचा आहे असे मला आजही वाटत नाही. आपल्या जत्रांतून आणि स्थानकांतून आपण तेच अनुभवतो. फक्त तो डिस्ने वर्ल्डला सरसकट लागू पडत नाही. ते का, हे कळले की कोठे जेवावे हेही आपोआप कळते.

ही जागा म्हणजे एखादी बाग नव्हे. ओर्लँडो शहराजवळ १ ऑक्टोबर १९७१ रोजी ती उघडली. तिचा विस्तार सुमारे शंभर चौरस किलोमीटर आहे. त्यात तिकीट लागणारी चार मोठी उद्याने आहेत आणि त्यांच्या आसपास संस्थेची स्वतःची वीसहून अधिक निवासी हॉटेले आहेत. उद्यानात जेवायचे तर आधी उद्यानाचे तिकीट हवे. हॉटेलांतील भोजनगृहांना मात्र असे तिकीट लागत नाही. तेथे बाहेरचा माणूसही केवळ जेवायला येऊ शकतो. म्हणजेच दादांच्या भाषेत सांगायचे तर तेथले गिऱ्हाईक कोंडलेले नसते. चोखंदळ माणसासाठी जागा निवडताना ही पहिली कसोटी लावावी: केवळ जेवणासाठी वाट वाकडी करून येथे कोणी येते काय?

जत्रा आणि जेवण यांचे हाडवैरच असते, असेही नाही. कॅलिफोर्नियात 'नॉट्स बेरी फार्म' नावाचे प्रसिद्ध करमणूक-उद्यान आहे. त्याचा उगमच एका बाईच्या स्वयंपाकघरात झाला. कॉर्डेलिया नॉट या शेतकऱ्याच्या पत्नीने १९३४ साली आपल्या लग्नातल्या चिनी मातीच्या ताटांत कोंबडीचे जेवण वाढून विकायला सुरुवात केली. पुढे जेवायला एवढी रीघ लागू लागली की, खोळंबलेल्यांचे मन रमावे म्हणून तिच्या पतीने १९४० साली जुन्या वसाहतीच्या धर्तीचे एक गाव शेजारी उभे केले. तेच वाढत वाढत उद्यान झाले. तेथे जेवणासाठी जत्रा भरली. जत्रेसाठी जेवण आले नाही.

एवढे सारे मला नंतर उमगले. आमचा पहिला दिवस मात्र दादांच्या सिद्धान्ताप्रमाणेच पार पडला.

दुपारी एकाच्या सुमारास एका उद्यानात आम्ही रांगेत उभे राहिलो. ज्याने त्याने हाती तबक घेतले. वाट्याला आला एक थंडगार पाव, त्यात चार पाने नि काकडीच्या चकत्या, आणि बाजूला बटाट्याच्या तळलेल्या काड्या. बसायला जागा मिळेना. दादांनी दोन घास खाल्ले आणि नातीदेखत म्हणाले, "एवढ्या पैशांत इंदुरात अख्खी आळी जेवली असती." भाचेसून काही बोलली नाही. रात्री मुलगी झोपल्यावर ती माझ्या खोलीत आली. "आत्या, पुढची आरक्षणे रद्द करू का? बाबांना माझे काहीच पसंत पडत नाही."

ती 'इथले' म्हणाली नाही, 'माझे' म्हणाली. या मुलीने दोन महिने आधी पहाटे उठून ती आरक्षणे मिळवली होती. सासऱ्यांना आवडेल ते हेरण्यासाठी तिने किती रात्री खर्ची घातल्या असतील, कोण जाणे. दादांनी त्या पावाला नावे ठेवली; ती मात्र तिला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वहिनींजवळ विषय काढला. पंचेचाळीस वर्षे दादांच्या तब्येतीने स्वयंपाक केलेली ही बाई शांतपणे म्हणाली, "अहो, त्या पावाचे त्यांना काही नाही. रांगेत तबक धरून उभे राहणे त्यांना झोंबले. सराफ्यात ते आपल्याला एका जागी उभे करतात आणि पाने स्वतः आणून देतात. इथे त्यांना कोणीच काही विचारत नाही."

माझे डोळे उघडले. ज्याने आयुष्यभर इतरांना खाऊ घातले, खिशातून पैसे काढताना दुसऱ्याचा हात अडवला, तो माणूस येथे मुलाच्या गाडीत मागे बसतो, मुलाने काढलेल्या तिकिटावर आत जातो आणि सुनेने ठरवलेले खातो. त्याच्यापाशी स्वतःचे म्हणून उरते काय? एक जीभ आणि तिचा अधिकार. तो अधिकार तो नावे ठेवूनच बजावणार! म्हणून दुसरी कसोटी अशी: जेथे दर्दी माणसाच्या जाणकारीला वाव मिळेल, जेथे त्याचा सल्ला घेता येईल, अशी जागा निवडावी.

आम्ही आरक्षणे रद्द केली नाहीत. त्या दुपारी 'ॲनिमल किंगडम लॉज' या हॉटेलातील 'सनाआ' या भोजनगृहात गेलो. 'सनाआ' हा स्वाहिली भाषेतील शब्द. त्याचा अर्थ कला. खिडक्यांबाहेर विस्तीर्ण गवताळ रान आणि त्यात मोकळे हिंडणारे जिराफ व झेब्रे. नात खिडकीपासून हलेना. आत तंदूर. येथील पाककृती आफ्रिकेच्या आणि त्यांना मसाल्याचा हात हिंदुस्थानी. यात कृत्रिम असे काही नाही. अरबी समुद्रावरून गुजरातचे व्यापारी झांझिबारला शतकानुशतके जात होते. १८९६ ते १९०१ या काळात युगांडा रेल्वे बांधण्यासाठी इंग्रजांनी हिंदुस्थानातून हजारो मजूर नेले. १९७२ साली युगांडातून हाकलल्या गेलेल्या कुटुंबांपैकी काही गुजरातेत परतली. बडोद्याच्या वाचकांना हा इतिहास मी काय सांगावा!

भाचेसुनेने पदार्थांचे कार्ड दादांच्या हाती दिले. "बाबा, आज तुम्हीच मागवा." दादांनी चष्मा लावला. नान-पराठ्यांची थाळी आली आणि तिच्यासोबत चटण्या, लोणची, रायते वगैरेंच्या नऊ वाट्या. दादांनी एकेक वाटी चाखली, नातीला चाखवली आणि निकाल दिला: "नान उत्तम. चिंचेची चटणी बरी. लोणचे मात्र गिऱ्हाइकाला भिऊन घातलेले दिसते." वाढणारा तरुण पूर्व आफ्रिकेतला होता. आमच्याकडेही याला चपातीच म्हणतात, असे त्याने सांगितले तेव्हा दादांनी खुर्ची त्याच्याकडे वळवली. त्याची आई कणीक कशी मळते येथपर्यंत चौकशी झाली. बिल आले. भाच्याने आधीच खूण केल्याप्रमाणे ते दादांपुढे ठेवले गेले. इंदूरहून बदलून आणलेले डॉलर दादांनी मोजून दिले. एरवी प्रत्येक डॉलरचे रुपये करणारा हा माणूस त्या दिवशी हिशेब विसरला! उठताना ते सुनेला म्हणाले, "जागा चांगली शोधलीस हो." तिने मान खाली घातली आणि मुलीचा कोट शोधू लागली.

आता पत्रलेखिकेसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी.

बसून जेवण्याच्या जागांची आरक्षणे साठ दिवस आधी खुली होतात आणि नामांकित जागा लगेच भरतात. मुलाला तारीख लिहून ठेवायला सांगा. दिवसाला एकच असे जेवण ठरवावे; बाकी वेळ फळे, दूध, थेपले. ते जेवणही दुपारचे, गर्दीपूर्वी साडेअकराच्या सुमारास असावे. वयस्कांचे पाय तोवर थकलेले नसतात. शिवाय 'सनाआ'त काळोख पडल्यावर गेले तर जनावरे दिसायची नाहीत.

शाकाहारी मंडळींनी केवळ 'व्हेजिटेरियन' म्हणून थांबू नये. त्यांच्या लेखी त्यात अंडे आलेच. सार कशाच्या पाण्यात केले आहे, घेवडा कशाच्या चरबीत परतला आहे, गोडात जिलेटिन आहे काय, हे नम्रपणे विचारावे. निव्वळ वनस्पतिजन्य पदार्थांपुढे पानाची खूण करण्याचा प्रघात तेथे २०१९ पासून आहे; ती पाहावी. स्वयंपाकघर मात्र सामिष-निरामिष वेगळे नसते. ज्यांना ते चालत नाही त्यांना ही गोष्ट आधीच सांगावी, ताटावर बसल्यावर नव्हे.

मानसन्मान पाहून जागा ठरवू नये. 'ग्रँड फ्लॉरिडियन' या हॉटेलातील 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट्स' या भोजनगृहास २०२४ साली मिशलिन मार्गदर्शिकेने एक तारा दिला. तेव्हा करमणूक-उद्यानाच्या आवारात अव्वल स्वयंपाक होऊ शकतो, हे व्याह्यांना खुशाल सांगावे. परंतु तेथे पोशाखाचे नियम आहेत, जेवण काही तास चालते आणि दहा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही. नातवंडांना बाहेर ठेवून आजोबांना घास कसा गोड लागावा?

तसेच प्रत्येक जेवणात आपले पदार्थ धुंडाळू नयेत. आपल्या पदार्थाची नक्कल दर्दी माणसाला सर्वांत आधी खुपते. 'एपकॉट' या उद्यानात तळ्याकाठी अकरा देशांची दालने आहेत. त्यात हिंदुस्थानचे दालन नाही, म्हणून हळहळू नये. मेक्सिकोच्या दालनात मक्याच्या भाकऱ्या समोर आल्या तेव्हा मी दादांना सांगितले की मका आणि मिरची दोन्ही मूळची त्याच भूमीतली. "म्हणजे आमचा भुट्ट्याचा कीस इथून आला!" असे म्हणून त्यांनी दुसरी भाकरी घेतली. त्याच उद्यानात होडीत बसून मातीविना भाज्या पिकविण्याची काचगृहे पाहता येतात. तेथील भाजी तिथल्याच भोजनगृहांत जाते. खाण्याची आवड असलेल्यांनी ती सफर चुकवू नये. दादांनी टोमॅटोचे वेल पाहण्यासाठी दुसरी फेरी मारली.

आणि शेवटची गोष्ट. एक वेळ व्याह्यांच्या स्वाधीन करावी. कोठे, काय, कोणी पैसे द्यायचे, सारे त्यांनी ठरवावे. आमच्या अखेरच्या संध्याकाळी दादांनी सर्वांना एका बाकावर बसवले आणि नातीला घेऊन ते स्वतः रांगेत उभे राहिले. परतले ते दोन्ही हातांत अननसाच्या आइस्क्रीमचे पेले घेऊन. सराफ्यात आणतात तसेच.

तेव्हा, बडोद्याच्या ताई, व्याह्यांना तेथले अन्न पसंत पडेलच अशी हमी मी देत नाही. दादा अजूनही त्या लोणच्याला नावे ठेवतात. परंतु परवा घरी पाहुणे आले असता ते सांगत होते, "तिकडे एक जागा आहे. आमच्या सूनबाईने शोधून काढली."