द्राक्षाला पालखी, मोहाला बेडी

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा संपूर्ण रस्ता वाहतुकीस मोकळा झाला. त्यामुळे उत्तर नागपुरातील जरीपटक्यासारख्या वस्तीला नाशिक आता पूर्वीइतके दूर राहिलेले नाही. फाळणीनंतर सिंधमधून घरदार टाकून आलेल्या निर्वासितांनी या वस्तीत दुकानाला दुकान लावून बाजारपेठ उभी केली. त्यांच्या नातवंडांच्या हाती आज चार पैसे आहेत, मोटार आहे आणि सुटीचे दोन दिवसही आहेत. अशा कुटुंबाला नाशिकमध्ये मार्गदर्शकासह जी एक दिवसाची सहल विकली जाते, तिचा क्रम साधारण ठरलेला असतो. सकाळी रामकुंड, काळाराम मंदिर, सीतागुंफा आणि वेळ उरल्यास पांडवलेणी. दुपारी गंगापूर धरणाच्या बाजूची वायनरी, द्राक्षबागेतील फेरी आणि चार-सहा प्रकारच्या वाईनची चव. सकाळी पुण्य, दुपारी मौज. यात कोणाचे काय बिघडले, असा प्रश्न कोणीही विचारील.

सहलीला जाणाऱ्याचे काही बिघडत नाही आणि त्याला दोष देण्याचेही कारण नाही. सज्ञान माणसाने काय प्यावे हे ठरवण्याचा मक्ता कोणी घेतलेला नाही. दोष द्यायचा तो त्या व्यवस्थेला, जी एका पेयाला संस्कृती म्हणून मिरवते, त्याच्यासाठी सरकारी तिजोरी उघडते, आणि दुसऱ्या पेयासाठी गरिबाच्या झोपडीत पोलीस पाठवते. नाशिकची सहल हा त्या व्यवस्थेचा दर्शनी दरवाजा आहे. आत काय आहे, हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. राज्यातील द्राक्षांपासून बनलेल्या वाईनला उत्पादन शुल्कातून संपूर्ण सूट मिळाली आणि ती सूट जवळपास दोन दशके चालू राहिली. नंतर आले ते शुल्कही नाममात्रच. नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला सरकारी औद्योगिक विकास महामंडळाने वाईन उद्यानांसाठी जमीन राखली. पुढे प्रोत्साहन योजनेतून वाईनवरील २० टक्के मूल्यवर्धित करापैकी १६ टक्के रक्कम उत्पादकाला परत देण्याची सोय झाली. म्हणजे ग्राहकाने कर म्हणून मोजलेल्या पाच रुपयांपैकी चार रुपये सरकारच्या दारावरून वळून कारखानदाराच्या खिशात जातात. पर्यटन विकास महामंडळाने तर गंगापूर धरणाच्या काठी उभारलेल्या आपल्या विश्रामधामाला द्राक्षाचेच नाव दिले आहे. ही सहल बाजाराने आपल्या बळावर निर्माण केलेली नाही. सरकारने सोडून दिलेल्या महसुलातून तिचा रस्ता बांधला गेला आहे.

आता सातशे किलोमीटर मागे, विदर्भात यावे. जरीपटक्यापासून नाशिक जितके दूर, त्याच्या जेमतेम पाव अंतरावर गडचिरोली आहे. त्या जंगलपट्टीत मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहाची फुले गळतात आणि बायका-मुले टोपल्या घेऊन ती वेचतात. वाळवलेली फुले टंचाईच्या दिवसांत पोटाला आधार देतात, आठवडी बाजारात मीठ-तेलाची गरज भागवतात, आणि त्यांच्यापासून काढलेली दारू गोंड समाजात जन्म, लग्न आणि मृत्यू या तिन्ही प्रसंगी देवाला व पाहुण्याला दिली जाते. द्राक्षाच्या बाटलीला जो सांस्कृतिक वारसा जाहिरातीतून उसना आणावा लागतो, तो मोहाच्या तुंब्याला पिढ्यान्पिढ्या आहे. तरीही मोहाची दारू काढणारी बाई दारूबंदी कायद्यातील आरोपी ठरते. तिचे मडके फुटते, तिच्या घरातला माणूस तालुक्याच्या न्यायालयात खेटे घालतो आणि जामिनासाठी सावकाराचे दार ठोठावतो.

हा भेद नवा नाही. इंग्रज सरकारने मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने गावोगावच्या भट्ट्या मोडून दारूचे उत्पादन मक्तेदारांच्या हाती एकवटले, आणि १८९२ मध्ये ठाणे व कुलाबा जिल्ह्यांपुरता खास कायदा करून मोहाच्या फुलांवरच निर्बंध घातले. आदिवासीच्या आरोग्याचा कळवळा त्यामागे नव्हता. त्याने स्वतःची दारू काढली की सरकारमान्य दारूचा खप कमी होतो, एवढाच हिशोब होता. स्वतंत्र महाराष्ट्राने मोहफुलांच्या संकलनावरील, साठवणीवरील व वाहतुकीवरील बंधने उठवली ती २०२१ मध्ये. पुढच्याच वर्षी मोहाच्या फुलांपासून व काजूबोंडांपासून बनणाऱ्या मद्याला ‘विदेशी मद्या’चा दर्जा देण्याचे मंत्रिमंडळाने ठरवले. जंगलातल्या झाडाखाली वेचलेले फूल विदेशी म्हणवल्याखेरीज प्रतिष्ठित होत नाही, यावरून आपल्या राज्यकारभाराची मनोरचना स्पष्ट होते. त्या दर्जाचा लाभही परवाना आणि यंत्रसामग्री घेऊ शकणाऱ्या भांडवलदाराला. मडक्यात दारू काढणाऱ्या बाईला नव्हे. शेजारच्या मध्य प्रदेशाने मोहाच्या मद्याला वारशाचे मद्य म्हणून मान्यता देताना त्याचे उत्पादन आदिवासींच्या स्वयंसहायता गटांकडे सोपवण्याचा मार्ग धरला. गोव्याने २०१६ मध्ये फेणीला वारसा पेयाचा मान दिला. महाराष्ट्राला ही वाट दिसली नाही असे नाही. त्या वाटेवर कारखानदार भेटत नाही, ही अडचण आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. मोहाची दारू असो की देशी, तिने सर्वाधिक हाल केले ते गरिबाच्या बायकोचेच. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली ती लोकांच्या आंदोलनातून. चंद्रपूर जिल्ह्यातील स्त्रिया डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून पायी चालत नागपूरच्या विधानभवनावर आल्या, आणि एप्रिल २०१५ मध्ये त्या जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. घरात मार खाणाऱ्या आणि मजुरीचे पैसे गुत्त्यात जाताना पाहणाऱ्या स्त्रियांचा हा आवाज होता. मोहाच्या नावाने तो आवाज दाबता कामा नये. परंतु शासनाने या स्त्रियांचे तरी कितपत ऐकले? मे २०२१ मध्ये चंद्रपूरची दारूबंदी उठवली गेली. अवैध विक्री वाढली, गुन्हेगारी वाढली, अशी कारणे देण्यात आली आणि बुडालेल्या महसुलाचा हिशोबही मांडण्यात आला. अर्थशास्त्राच्या प्राथमिक वर्गातील विद्यार्थ्यालाही येथे शंका यावी. चंद्रपुरात महसूल बुडतो म्हणून दुकाने उघडायची, आणि नाशिकमध्ये तोच महसूल आपण होऊन सोडून द्यायचा! महसूल हे तत्त्व असेल तर वाईनला माफी का? आरोग्य हे तत्त्व असेल तर चंद्रपूरच्या स्त्रियांची सहा वर्षांची कमाई का घालवली? दोन्ही निर्णयांना एकत्र बांधणारे सूत्र एकच दिसते: दोन्हीकडे लाभ परवानाधारकाचा झाला.

वाईनचे समर्थक शेतकऱ्याचे नाव पुढे करतात. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा वाईन म्हणजे दारू नव्हे, असे संजय राऊत यांनी सांगितले आणि शेतकऱ्याच्या उत्पन्नाचा हवाला दिला. वाईनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के मद्यार्क असतो आणि तो मोहाच्या दारूतील मद्यार्काहून वेगळा पदार्थ नाही. प्रमाण कमी असले तरी द्रव्य तेच आहे. विरोध झाला आणि तो निर्णय प्रत्यक्षात आला नाही. त्या वेळी विरोधी बाकांवर बसून महाराष्ट्राचे मद्यराष्ट्र होऊ देणार नाही, अशी गर्जना करणारे त्याच वर्षी सत्तेवर आले, आणि २०२४ च्या प्रारंभी त्यांच्याच सरकारने वाईन उत्पादकांच्या प्रोत्साहन योजनेला पुन्हा मुदतवाढ दिली. मंत्री बदलले, पक्ष बदलले, सवलत मात्र जागची हलली नाही.

शेतकऱ्याचा युक्तिवादही तपासून पाहावा. महाराष्ट्रात पिकणाऱ्या द्राक्षांचा फार मोठा भाग खाण्यासाठी, निर्यातीसाठी व बेदाण्यासाठी जातो. वाईनचा वाटा त्यात अगदी लहान आहे. खाण्याच्या द्राक्षांच्या बागाईतदारांनी १९९१ मध्ये आपल्या सहकारी संस्था एकत्र आणून ‘महाग्रेप्स’च्या रूपाने निर्यातीचा मार्ग स्वतः काढला होता. वाईनच्या धंद्यात शेतकरी मालक झाला नाही, कराराने माल पुरवणारा झाला. २००८ च्या जागतिक मंदीनंतर मागणी घसरली, अनेक वायनऱ्या अडचणीत आल्या, आणि वाईनच्या जातीची द्राक्षे लावलेल्यांवर वेली उपटण्याची पाळी आली. खाण्याचे द्राक्ष एका व्यापाऱ्याने नाकारले तर दुसरा घेतो. वाईनचे द्राक्ष वायनरीने नाकारले तर ते बाजारात कोणी खात नाही. जोखीम शेतकऱ्याची आणि वाढ कंपनीची, ही वाटणी डिसेंबर २०२२ मध्ये पुरती उघड झाली. या उद्योगातील अग्रगण्य ‘सुला’ कंपनीचे सुमारे ९६० कोटींचे समभाग तेव्हा जनतेला विकण्यात आले. त्यात नवे भांडवल नव्हते. जुन्या भागधारकांनी आपले समभाग विकून पैसा मोकळा केला. कायद्याने त्यात काहीही गैर नाही. पण दोन दशकांच्या सवलतींनी वाढलेल्या मूल्याचा वाटा सवलत देणाऱ्या जनतेला किती मिळाला, हे विचारण्याचा अधिकार जनतेला आहे. पेठ-सुरगाण्याहून द्राक्षपट्ट्यात छाटणीला आणि काढणीला येणाऱ्या आदिवासी मजुराचे नाव तर या हिशोबात शोधूनही सापडत नाही. पाहुण्यांना बाग दाखवली जाते, लाकडी पिंपे दाखवली जातात. मजुराची खोपी आणि त्याचे हजेरीपत्रक दाखवले जात नाही.

सहलीच्या सकाळच्या भागातही हीच काटछाट चालते. काळाराम मंदिराच्या दगडी बांधकामाची तारीफ होते; परंतु २ मार्च १९३० रोजी बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली याच दारांशी सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे वर्षानुवर्षे लढवला आणि तरीही दारे उघडली नाहीत, हे घाईच्या सहलीत मावत नाही. त्या बंद दारांतूनच १९३५ ची येवल्याची घोषणा निघाली आणि ती १९५६ मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीपर्यंत पोहोचली. जरीपटक्याला लागूनच इंदोरा आहे. त्या परिसरातील माणसाला नाशिक पाहायचे असेल तर यापेक्षा जवळचे नाशिक दुसरे कोणते?

पांडवलेण्यांचेही तसेच. तेथे नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापणांची ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली: दोन हजार दरमहा शेकडा एक या व्याजाने, एक हजार शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल कायमचे राहायचे, खर्च व्हायचा तो व्याजाचाच. राजघराण्यातील पुरुषाने दानाची रक्कम कारागिरांच्या संघटनेच्या हाती दिली, तिचा दर, तिची अट आणि तिचा विनियोग दगडावर सर्वांना वाचता येईल असा कोरून ठेवला. गोवर्धन हे गाव आजही गंगापूरच्या बाजूला, वाईनच्या वाटेवरच आहे. सार्वजनिक पैसा कोणाला दिला, कोणत्या अटीवर दिला आणि त्यातून काय साधले, याचा इतका चोख हिशोब सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी देता येत होता. आजच्या शासनाला वाईनवरील सवलतींचा असा हिशोब लोकांसमोर मांडण्यास कोणती अडचण आहे?

जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी १८८० मध्ये वाढत्या दारूगुत्त्यांविरुद्ध लेखी तक्रार केली होती. सरकारने आपल्या उत्पन्नासाठी लोकांच्या संसाराशी खेळू नये, हा त्या विरोधाचा गाभा आजही शिळा झालेला नाही. तोच धरून पुढची मागणी करायला हवी. वाईन उद्योगाला आजवर किती महसूल सोडला आणि त्यातील किती शेतकऱ्याच्या भावात उतरला, याची श्वेतपत्रिका निघावी. यापुढे सवलत द्यायचीच असेल तर ती शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना द्यावी, आणि मजुरांच्या किमान वेतनाची अट तिला जोडावी. घरगुती व विधीपुरत्या मोहाच्या दारूला गुन्ह्याच्या यादीतून वगळावे. तिचा व्यापार व्हायचा असेल तर तो ग्रामसभेच्या संमतीने आणि आदिवासी स्त्रियांच्या गटांच्या मालकीने व्हावा. ज्या गावातील स्त्रिया दारू नको म्हणतील, तेथे द्राक्षाची, उसाच्या मळीची की मोहाची असा भेद न करता त्यांचा शब्द अखेरचा मानावा.

यात कोणाच्या सहलीवर बंदी नाही, कोणाच्या पेल्यावर पहारा नाही. मागणी आहे ती एकाच मापाची. ज्या राज्यात एकाची बाटली पर्यटनाच्या नकाशावर आणि दुसरीचे मडके पोलिसांच्या पंचनाम्यात जाते, त्या राज्याने समतेची भाषा बोलण्यापूर्वी आपला तराजू आधी दुरुस्त करून घ्यावा.