हंसाचं रक्त आणि गुलाबी गोळी



उजनीच्या काठावरच्या शाळेत हिवाळ्यात शिकवणं सोपं नाही. आपण फळ्यावर 'श्वसन' असं शीर्षक लिहावं आणि नेमका त्याच वेळी डोक्यावरून कलकलाट करत हंसांचा थवा जावा. सगळी पोरं खिडकीत! आधी मी चिडायचे, डस्टर आपटायचे. आता नाही आपटत. कारण पाठ तर खिडकीबाहेरच चाललेला असतो.

हा पक्षी म्हणजे पट्टकदंब हंस. पांढरं डोकं आणि त्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, म्हणून हे नाव. कुगाव, चिखलठाण, केत्तूर या गावांतल्या पोरांना तो नीट माहीत आहे. पाणी ओसरलेल्या गाळपेरात हरभरा उगवला की हे पाहुणे कोवळी पानं खुडायला हजर! मंगोलिया, तिबेट, लडाख या भागांत त्यांची वीण होते आणि थंडीत ते हिमालय ओलांडून आपल्याकडे येतात. उजनीचा जलाशय समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे. हे हंस मात्र ७,२९० मीटर उंचीवरून उडताना नोंदले गेले आहेत. म्हणजे कळसूबाईच्या चारपटीहून जास्त!

एवढ्या उंचीवर हवा विरळ असते. ५,५०० मीटरवरच एका श्वासात आपल्या इथल्यापेक्षा जवळजवळ निम्मा ऑक्सिजन मिळतो. तिथं माणसाला चार पावलं चालताना धाप लागते, आणि हा पक्षी पंख मारत जातो. कसा काय?

शास्त्रज्ञांनी हे शोधून काढलंय. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मंगोलियातल्या हंसांच्या शरीरात छोटी यंत्रं बसवून त्यांच्या हृदयाचे ठोके, पंखांची हालचाल आणि उंची नोंदली होती. दिसलं असं, की हंस सरळ उंचावरून जात नाहीत. डोंगर चढला की चढतात, दरी आली की उतरतात. चढ-उतार करूनही एकूण कष्ट कमी पडतात, कारण विरळ हवेत उडणं फार महाग. २०१९ च्या दुसऱ्या अभ्यासात जेसिका मीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंड्यातून बाहेर आल्यापासून वाढवलेल्या हंसांना तोंडावर मुखवटा लावून वाऱ्याच्या बोगद्यात उडवलं. ९,००० मीटरवर असतो इतका कमी ऑक्सिजन दिला, तरी काही हंस उडले. ऑक्सिजन कमी झाल्यावर त्यांनी ऊर्जेचा खर्च कमी केला आणि शरीरातून हृदयाकडे परतणारं रक्त थंड झालं. थंड रक्त ऑक्सिजन जास्त घट्ट धरतं. याच जेसिका मीर पुढं अंतराळात गेल्या आणि १८ ऑक्टोबर २०१९ रोजी फक्त महिलांनी केलेल्या पहिल्या अंतराळ-चालीत सहभागी झाल्या. वर्गातल्या मुलींना हे जरूर सांगा.

पण हंसाची खरी कमाल त्याच्या रक्तात आहे. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं. मुलांना मी ते होडीच्या भाषेत सांगते. हिमोग्लोबिन म्हणजे चार माणसांची होडी. प्रत्येक जागेवर लोहाचा एक कण, आणि त्या कणाला धरून ऑक्सिजनचा एक प्रवासी बसतो. फुफ्फुसाच्या काठावर प्रवासी घ्यायचे, स्नायूंच्या काठावर उतरवायचे. हंसाच्या होडीच्या बांधणीत मोजके बदल आहेत, त्यामुळं काठावर प्रवासी थोडे असले तरी ती त्यांना पटकन बसवून घेते. काठावरच्या पोरांना हे एका दमात कळतं. 'प्राथमिकच्या मुलांना हिमोग्लोबिन झेपत नाही' असं म्हणणाऱ्यांनी एकदा करून बघावं.

आता मुद्द्याचं बोलते. एका दुपारी वर्गाच्या खिडकीखाली मला गुलाबी गोळ्या सापडल्या. आठवड्याला एक याप्रमाणे आपण वाटतो त्याच, लोह आणि फॉलिक अॅसिडच्या. माझ्या नोंदवहीत त्या सगळ्या 'दिल्या' होत्या. गिळल्या किती, हे नोंदवहीत नव्हतंच. पोरांना विचारलं तर म्हणाली, "बाई, वास येतो." "मम्मी म्हणाली, गोळीनं पोट काळं होतंय."

राग आला, पण चूक माझी होती. सकाळी मी रक्ताचा पाठ घेतला होता आणि दुपारी गोळी वाटली होती. दोन्हींचा संबंध सांगितला नव्हता. पाठ हा अभ्यासक्रमाचा आणि गोळी आरोग्य खात्याची, अशी वाटणी आपणच करून ठेवलीय. माझं मत स्पष्ट आहे : हा एकच पाठ आहे, आणि तो असा तोडून शिकवला तर दोन्ही वाया जातात.

हंसाची होडी आपल्याला मिळणार नाही, पण आपल्या होड्यांची संख्या आपल्या हातात आहे. लोह नसेल तर होड्या बांधल्याच जात नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये आणि पाच वर्षांखालच्या ६७ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे पायथ्याशी राहूनच आपली मुलं डोंगर चढताहेत! मागच्या बाकावर पेंगणारा, मैदानात लगेच दमणारा मुलगा आळशी असेलच असं नाही. बघा विचार करून.

शरीर स्वतः प्रयत्न करत असतं. पेशींना ऑक्सिजनची कमतरता कशी कळते, याच्या शोधासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल पारितोषिक मिळालं. ऑक्सिजन कमी पडला की मूत्रपिंडातून संदेश जातो, 'तांबड्या पेशी वाढवा.' हाडांतला मगज कामाला लागतो. पण लोहच नसेल तर कारागीर काय करणार?

म्हणून चार गोष्टी करू या. गोळी रिकाम्या पोटी नको, शालेय पोषण आहारानंतर द्या आणि समोर गिळून घ्या. शौचाचा रंग काळपट होईल, घाबरायचं नाही, हे मुलांना आणि आईलाही आधीच सांगा. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणजे फरक आठवड्यात नव्हे, महिन्यांत दिसतो, हेही सांगा. आजारी मुलाला त्या दिवशी गोळी नको, आणि रक्ताचा जुना आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पालकांनो, घरी हरभऱ्याची भाजी, बाजरीची भाकरी असू द्या आणि वर लिंबू पिळा, त्यानं लोह चांगलं शोषलं जातं. जेवणाला लागून चहा नको. खात असाल तर धरणातली मासळी फक्त बाजारात पाठवू नका, पोरांच्या ताटातही वाढा. त्यातलं लोह शरीराला सहज मिळतं.

माझ्या वर्गात आता गोळीच्या दिवशी आम्ही मनगटावर नाडी मोजतो, मैदानाला एक चक्कर मारतो, पुन्हा मोजतो. मग गोळी. परवा एक मुलगी गोळी गिळून म्हणाली, "बाई, माझ्या चार होड्या वाढल्या." हिशोब चुकला होता तिचा, एका गोळीत होड्या असंख्य होतात. पण मी तो दुरुस्त केला नाही. खिडकीखाली त्या दिवशी एकही गोळी नव्हती.

तुमच्या शाळेत काय होतं? एकदा खिडकीखाली बघून या.